वूफर आधी की डबा आधी? माझ्या पहिल्या घरगुती स्पीकरबद्दल

मागच्या दिवाळीपासून आमच्या हॉलमध्ये मी बनवलेली स्पीकरची जोडी वाजून राहिली आहे, अन् घरी येणारा प्रत्येक माणूस पहिला प्रश्न एकच विचारतो, किती वॅटचे आहेत? ऑफिसमधले पोट्टे, वरच्या मजल्यावरचे काका, कुरिअरवाला सुद्धा. आधी मी उत्तर द्यायचो, आता सरळ बसवतो, चहा देतो अन् काहीतरी लावतो. कारण वूफर, म्हणजे स्पीकरमधला खालचे सूर वाजवणारा मोठा ड्रायव्हर, निवडताना मी जेवढे आकडे बघितले त्यात वॅटचा नंबर अगदी शेवटी आला, अन् हे कळायला मला अख्खा उन्हाळा लागला. आता दोन-तीन जण मागे लागले आहेत की आम्हालाही बनवायचे आहेत, सांग वूफर कोणता घेऊ, तर एकदाच सगळं लिहून काढतो. लांबेल थोडं.

पहिली जोडी वूफर मी इथल्या, नागपूरच्या, बर्डीच्या बाजारातून आणली होती. शनिवारची संध्याकाळ, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, मी म्हटलं सहा इंची वूफर दाखवा. दुकानदारानं काउंटरवर तीन वूफर उलटे ठेवले अन् म्हणाला, "चुंबक बघा भाऊ, चुंबक." मी चुंबकच बघितलं. सगळ्यात जड होती ती जोडी घेतली, खोक्यावर वॅटचा भलामोठा आकडा अन् त्याच्या खाली बारीक अक्षरात पीएमपीओ. (पीएमपीओला कुठलंही ठरलेलं माप नसतं, ज्याला जे वाटेल ते तो छापतो, आरएमएस, म्हणजे सतत पेलता येणारी पॉवर, लिहिलं असेल तरच तो आकडा वाचा.) आत डेटाशीट (कंपनीनं दिलेल्या आकड्यांचा कागद) नाही, मॉडेल नंबर नाही. घरी जुन्या टीव्ही ट्रॉलीची प्लाय पडली होती, तिचे दोन छोटे डबे ठोकले, आत जेमतेम ६ लिटर जागा, भोक पाडून वूफर बसवले अन् लावले.

आमचे मोठे बाबा तबला वाजवतात. कार्यक्रम वगैरे नाही करत, घरीच, रोज सकाळी अर्धा तास, अन् मी लहानपणापासून तो डग्गा (जोडीतला डाव्या हाताचा, खालच्या सुराचा) त्याच घरात, त्याच भिंतींमध्ये ऐकत आलोय. म्हणून मी पहिलं लावलं ते वसंतराव देशपांड्यांचं एक जुनं मैफिलीचं रेकॉर्डिंग. मोठे बाबा दोन मिनिटं ऐकत बसले अन् म्हणाले, "हा डग्गा नाही रे, पिंप आहे." अन् खरंच होतं ते. डग्ग्यावर मनगट दाबून सरकवलं की आवाज खालून वर घसरत जातो, ती घसरण कुठे ऐकूच येत नव्हती, प्रत्येक ठोक्याला एकाच सुरातलं धुम्म. गाणं कुठलंही लावा, धुम्म तोच. आधी वाटलं अँप (अँप्लिफायर) खराब आहे, मग वाटलं वायर, मग वाटलं प्लाय पातळ आहे. मग वाचायला लागलो.

तर मूळ गोष्ट ही आहे की वूफर हा एकटा काही नसतो. तुम्ही उघडा वूफर हातात घेऊन त्याचा कोन, म्हणजे पुढचा हलणारा शंकू, दोन्ही बाजूंनी बोटं लावून अगदी हळूच दाबून बघा, तो सहज आत जातो अन् सहज परत येतो. आता तोच वूफर बंद डब्यात बसवून दाबा, लगेच हाताला कळतं की आत काहीतरी अडवून राहिलं आहे. ती आतली हवा. डब्यातली हवा स्प्रिंगसारखी काम करते, डबा जेवढा छोटा तेवढी स्प्रिंग कडक. म्हणजे तुम्ही डबा बनवत नाही, तुम्ही वूफरचा अर्धा भाग बनवून राहिले आहात, अन् तो अर्धा भाग कंपनीनं नाही, तुम्ही अन् तुमच्या मिस्त्रीनं बनवायचा आहे. अमेरिकेत एडगर विलचर यांनी १९५४ मध्ये एआर-१ हा स्पीकर काढला तो ह्याच गोष्टीवर, की ढिल्या सस्पेन्शनचा (कोनला धरून परत जागेवर आणणारा लवचिक भाग) वूफर घ्या अन् बंद डब्यातल्या हवेलाच मुख्य स्प्रिंग होऊ द्या. त्याआधी चांगला बेस पाहिजे म्हणजे कपाटाएवढा डबा लागायचा.

पण कोणत्या वूफरला किती लिटरची हवा, हे आधी अंदाजानंच चालायचं. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थिल यांनी १९६१ मध्ये अन् मग रिचर्ड स्मॉल यांनी १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ते गणितात बसवलं, म्हणून आजही डेटाशीटवर त्या आकड्यांना थिल-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. आकडे बरेच असतात पण पहिल्या प्रोजेक्टला तीन पुरतात. एफएस म्हणजे उघडा वूफर कोणत्या फ्रिक्वेन्सीला स्वतःहून डोलतो ती. व्हीएएस म्हणजे किती लिटर हवेची स्प्रिंग ह्या वूफरच्या स्वतःच्या सस्पेन्शनएवढी कडक असते. अन् क्यूटीएस म्हणजे डोलणं सुरू झालं की ते किती लवकर आवरलं जातं, आकडा छोटा म्हणजे पकड घट्ट, आकडा मोठा म्हणजे कोन आपला झुलतच राहतो.

अन् इथेच माझं पहिलं काम का बिघडलं ते कळलं. बंद डबा हा क्यू, म्हणजे झुलत राहण्याचा आकडा, वाढवतो. नेहमी वाढवतो, कधीच कमी करत नाही. डब्यात बसल्यावरचा क्यू ०.७ च्या आसपास आला की आवाज सपाट अन् आटोपशीर, १ च्या वर गेला की एका जागी फुगवटा येतो अन् तोच तो धुम्म. माझी ती चुंबकवाली जोडी निघाली कारची, ४ ओहमची. कारचे बरेच स्पीकर दरवाज्यात बसवायला बनवलेले असतात, मागे मोठी पोकळी मिळेल असं धरून, त्यामुळे त्यांचा क्यूटीएस मुळातच ०.७ च्या आसपास किंवा वर असतो. तो ६ लिटरच्या डब्यात कोंबला तर क्यू कुठच्या कुठे जातो. वूफर वाईट नव्हता, मी त्याला चुकीच्या घरात ठेवला होता, अन् डेटाशीट नसल्यामुळे मला ते आधी कळायला मार्गच नव्हता. त्यामुळे माझा पहिला नियम हा की डेटाशीट नसेल तर वूफर घ्यायचा नाही, कितीही स्वस्त मिळाला तरी नाही. (मोजता येतात हे आकडे घरीसुद्धा, एक रेझिस्टर, लॅपटॉपचं साउंड कार्ड अन् आरईडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर लागतं, पण पहिल्याच प्रोजेक्टला त्यात पडू नका.)

दुसऱ्या वेळी मी उलटीकडून सुरुवात केली. हॉल आमचा १० बाय १४ फूट, खाली गुळगुळीत फरशी, भिंती उघड्या. टीव्हीच्या दोन्ही बाजूला स्टँडवर मावेल असा डबा पाहिजे, म्हणजे १५ ते २० लिटर, त्याहून मोठा आई ठेवू देणार नाही हे मला माहीत होतं. मग डेटाशीट घेऊन बसलो की १५ लिटरच्या बंद डब्यात कोण सुखानं राहील. पीएचे वूफर, म्हणजे मंडपात अन् डीजेवाल्यांकडे असतात ते, लगेच बाद झाले. ते जोरात वाजायला बनवलेले असतात, त्यांचा एफएस वर असतो अन् कोनचा प्रवास कमी, छोट्या डब्यात खालचा बेस त्यांच्याकडून मिळत नाही. शेवटी एक साडेसहा इंची, ८ ओहमचा, कागदी कोन अन् रबरी सराउंडवाला (सराउंड म्हणजे कोनच्या कडेची लवचिक गोल पट्टी) वूफर सापडला. एफएस ४२ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४२, व्हीएएस २८ लिटर. नाव मुद्दाम लिहीत नाही कारण मॉडेल बदलत राहतात अन् मग लोक नाव शोधत बसतात, आकडे शोधा.

गणित सोपं आहे, कॅल्क्युलेटरवर होतं. पाहिजे असलेला क्यू भागिले क्यूटीएस, त्याचा वर्ग, त्यातून १ वजा, अन् जे येईल त्यानं व्हीएएसला भागायचं. ०.७०७ भागिले ०.४२ म्हणजे १.६८, वर्ग २.८३, एक वजा केला की १.८३, अन् २८ भागिले १.८३ म्हणजे साधारण १५.३ लिटर. अन् तोच १.६८ एफएसला गुणला की ७१ हर्ट्झ, तिथपर्यंत हा डबा नीट वाजेल अन् मग हळूहळू उतरेल. मी मुद्दाम हाच वूफर ६ लिटरमध्ये टाकून हिशोब केला, तर क्यू बरोबर १ येतो अन् ७१ च्या जागी १०० हर्ट्झ. म्हणजे चांगला वूफर घेऊन सुद्धा त्या जुन्या डब्यात मला तोच फुगवटा मिळाला असता. कागदावर ते बघितलं तेव्हा मला खूप बरं वाटलं, खरंच सांगतो, कारण महिनाभर मी अँपला दोष देत होतो.

सराउंडबद्दल एक सांगतो. फोमचं सराउंड काही वर्षांत आपोआप कुजून भुगा होतं, दमटपणात अन् उष्णतेत आणखी लवकर, अन् आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो अन् लगेच पावसाळा. रबर किंवा कापडी सराउंडच घ्या.

आता बंद डबा की पोर्टवाला, म्हणजे आतली हवा आत-बाहेर करू देणारा पाइप लावलेला. सगळे म्हणतात पोर्ट लाव, बेस जास्त येतो. येतो, खोटं नाही. ह्याच वूफरला २० लिटरचा डबा, ५ सेंटिमीटर आतल्या व्यासाचा पीव्हीसी पाइप अन् ४२ हर्ट्झचं ट्यूनिंग धरलं तर पाइपची लांबी १३ सेंटिमीटर येते, हार्डवेअरच्या दुकानात तेवढा तुकडा कोणी असाच देऊन टाकेल. पण त्या ट्यूनिंगच्या खाली गेलं की पोर्टमुळे कोनमागची हवेची स्प्रिंग जणू नाहीशी होते, कोन मोकळाच हलतो, अन् आवाज पण दुप्पट उताराने पडतो, बंद डबा ऑक्टेव्हला १२ डेसिबलनं उतरतो तर पोर्टवाला २४ नं. शिवाय मिस्त्रीकडून लिटरभर इकडे तिकडे झालं किंवा डेटाशीटचा आकडा अन् हातातला वूफर यांच्यात फरक निघाला (निघतो, बऱ्यापैकी निघतो) तर पोर्टवाल्या डब्यात ती चूक जास्त ऐकू येते. बंद डबा चुका पोटात घालतो. १५ च्या जागी १४ लिटर झाला तर क्यू ०.७ चा ०.७३ होईल, कोणाला कळणार आहे. त्यात खोलीच्या भिंती खालच्या सुरांना थोडा आधार देतातच, त्यामुळे ७१ हर्ट्झचा आकडा कागदावर वाटतो तेवढा हॉलमध्ये कमी वाटत नाही. डग्ग्यासाठी तर मला बंदच पाहिजे होता. पहिल्या प्रोजेक्टला कोणीही विचारलं तर मी बंदच सांगीन.

ट्विटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा ड्रायव्हर, मी एक इंची कापडी डोमचा घेतला. ह्यात फार डोकं लावायची गरज नाही पण दोन गोष्टी बघाच. साडेसहा इंची वूफरचा कोन साधारण १३ सेंटिमीटरचा, अन् २६०० हर्ट्झच्या लाटेची लांबीही तेवढीच, तिच्यावर गेलं की वूफरचा आवाज टॉर्चसारखा समोरच जायला लागतो, बाजूला बसलेल्याला गाण्यातला वरचा भाग कमी ऐकू येतो. म्हणजे त्याच्या आधी ट्विटरकडे काम सोपवायला पाहिजे. अन् ट्विटरचा स्वतःचा एफएस जिथे असेल त्याच्या निदान दुप्पट वरून त्याला काम द्यायचं, नाहीतर बिचारा ताणला जातो. माझ्या ट्विटरचा ९०० होता, म्हणून २५०० हर्ट्झला क्रॉसओव्हर (खालचे सूर वूफरला अन् वरचे ट्विटरला वाटून देणारं सर्किट) आरामात बसला. दोघांची केंद्रं जेवढी जवळ ठेवता येतील तेवढी ठेवली, साधारण १४ सेंटिमीटर.

बाजारात तयार क्रॉसओव्हरची प्लेट मिळते, दोन वे, तीन वे, लावली की झालं असं सांगतात. मी आणली होती अन् परत काढून ठेवली. ती प्लेट असं धरून बनवलेली असते की वूफर कायम ८ ओहमचाच आहे, अन् तो नसतो. मल्टिमीटर लावला तर ६ च्या आसपास दाखवतो, बॉक्सच्या रेझोनन्सला (डब्यात बसलेला वूफर जिथे स्वतःहून डोलतो तिथे) तो वर चढून कितीतरी पट होतो, अन् वरच्या फ्रिक्वेन्सीला कॉइलमुळे परत चढत जातो. त्यात आणखी एक गोष्ट आहे जिच्याकडे मी बरेच दिवस दुर्लक्ष केलं. डबा अरुंद असला की वरचे सूर समोर जातात पण खालचे सूर डब्याला वळसा घालून मागेही जातात, म्हणजे समोर बसणाऱ्याला खालचा भाग कमी मिळतो. ११५ ला डब्याच्या मीटरमधल्या रुंदीनं भागलं की हा बदल कुठे होतो ते कळतं, माझा पुढचा पट्टा १९.६ सेंटिमीटरचा, म्हणजे ६०० हर्ट्झच्या जरा खाली. ते भरून काढायला क्रॉसओव्हरमधल्या वूफरच्या कॉइलचं माप वाढवलं, अन् ट्विटर जो मुळात वूफरपेक्षा ४ डेसिबल जोरात होता त्याला रेझिस्टर लावून एकूण ७ डेसिबल खाली आणला. हे सगळं मी कॉम्प्युटरवर सिम्युलेट करून, माइक लावून मोजून, तीनदा बदलून केलं अन् ह्यावर वेगळं लिहावं लागेल. ज्याला इतक्यात जायचं नाही त्यानं सरळ एखादं मोजून सिद्ध केलेलं, प्रसिद्ध झालेलं डिझाइन जसंच्या तसं बनवावं, नाहीतर ३-४ इंची एक फुल-रेंज ड्रायव्हर (सगळे सूर एकटाच वाजवणारा) घ्यावा अन् क्रॉसओव्हरची भानगडच ठेवू नये. जोरात वाजणार नाही, खालचा बेस नसेल, पण माणसाचा आवाज इतका एकसंध येतो की पहिल्या प्रोजेक्टला त्यात काहीच कमीपणा नाही.

आता डबा. लाकूड म्हणजे नागपुरात लकडगंज, दुसरीकडे कुठे फिरू नका. मी १८ मिलिमीटरचा एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड) घेतला. प्लाय जास्त मजबूत अन् पाण्याला टिकाऊ असते पण स्वस्त प्लायमध्ये आत पोकळ्या निघतात, त्या वाजतात, अन् चांगली प्लाय माझ्या बजेटच्या बाहेर होती. एमडीएफ सगळीकडे सारखा, कापायला सोपा, बोटानं ठोकला की मंद ठक असा आवाज देतो, लांबत नाही. पण जड, अख्खी ८ बाय ४ ची शीट ४० किलोच्या घरात जाते. अन् त्याची धूळ फार बारीक असते, त्यात रेझिन असतं, कापताना अन् घासताना चांगला मास्क लावा, रुमाल बांधून भागत नाही. दोन डब्यांना मला साडेदहा चौरस फूट लागला, म्हणजे शीटचा एक तृतीयांश, बाकी शीट गच्चीवर जाणाऱ्या जिन्याखाली ठेवली अन् ते फार बरं केलं, का ते सांगतो.

आतलं माप मी १६ बाय २६ बाय ४१ सेंटिमीटर ठरवलं, १७ लिटरच्या वर जातं, त्यातून वूफरचं चुंबक, आतली आडवी पट्टी अन् क्रॉसओव्हर यांची जागा वजा केली की साडेपंधरा उरतात. तिन्ही मापं वेगवेगळी अन् एकमेकांच्या पटीत नसलेली घ्यायची, नाहीतर आतल्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये एकच सूर घुमत राहतो. तिन्ही मापं सारखी असलेला ठोकळ्यासारखा डबा दिसायला छान असतो पण ह्या कामाला सगळ्यात वाईट.

मी मिस्त्रीला बाहेरचं माप दिलं, रुंदी १९६ मिलिमीटर, अन् म्हटलं वरचा-खालचा तुकडा ह्यातून दोन जाड्या वजा करून काप. आपले मिस्त्री सुतात मोजतात, इंचाचे ८ सूत, अन् ही शीट त्यांच्यासाठी सहा सूतची. "हाव ना भाऊ, सहा सूत, मले माहीत आहे," म्हणाला अन् त्यानं दोन जाड्या म्हणजे १२ सूत, दीड इंच, वजा केले. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर, मला पाहिजे होते ३६. तुकडे आले १५८ चे. घरी शिकंजात लावून बघतो तर दोन मिलिमीटर कमी, डबा बंदच होईना, अन् बंद डब्यात एवढी फट म्हणजे सगळं काम वाया. मिस्त्रीची चूक मी म्हणणार नाही, त्याच्या मापात तो बरोबर होता, शीटला बाजारात सहा सूतच म्हणतात पण ती १८ चीच निघते. दुसऱ्या दिवशी उरलेल्या शीटमधून परत कापून घेतले अन् ह्या वेळी वजाबाकी करून प्रत्येक तुकड्याचं शेवटचं माप मिलिमीटरमध्ये कागदावर लिहून नेलं, अन् गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून प्रत्येक कोपरा तिथेच तपासला. तुम्ही जाल तेव्हा जाडीचा उल्लेखच करू नका, फक्त शेवटची मापं द्या.

अन् दुसरी गोष्ट कुलरची. कापलेले तुकडे मी हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवले होते, मे महिना, दिवसरात्र डेझर्ट कुलर चालू, अन् त्याची ओली हवा सरळ त्या तुकड्यांवर. आठवड्यानं बघतो तर खालच्या कडा फुगलेल्या, हातानं कळत होतं, व्हर्नियर लावला तर १८ ची कड २० च्या जवळ. एमडीएफचा वरचा चेहरा गुळगुळीत अन् बराच घट्ट असतो पण कापलेली कड म्हणजे टीपकागद, पाणी ओढून घेते अन् एकदा फुगली की वाळली तरी मूळच्या मापावर येत नाही. दोन तुकडे रंधा मारून अन् घासून वाचले, एक फेकावा लागला. त्यानंतर प्रत्येक कापलेल्या कडेला पाण्यात पातळ केलेला फेव्हिकॉल दोन हात लावला, वाळला की घासला, अन् मगच पुढे. नागपुरात कुलरच्या झोताच्या समोर स्पीकर ठेवू नका, रंग मारलेला असला तरी नाही.

जोडताना फेव्हिकॉल भरपूर, स्क्रू फक्त पकड धरायला. आत मधोमध दोन्ही बाजूंना जोडणारी एक आडवी पट्टी. सगळ्या आतल्या सांध्यांवर सिलिकॉन सीलंट, अन् तो पूर्ण वाळू द्यायचा, दोन दिवस तरी, मगच वूफर बसवायचे. वूफरच्या रिमखाली फोमची पातळ चिकटपट्टी. अन् फट आहे का हे शोधायला मोठ्या बाबांनी सांगितलेला उपाय सगळ्यात भारी निघाला, उदबत्ती. मोबाईलवरून ४० हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावला अन् उदबत्ती सांध्यांजवळून फिरवली, जिथे फट आहे तिथे धुराची रेघ थरथरते. मागच्या टर्मिनलच्या प्लेटजवळ थरथरली, तिथे परत सीलंट मारला. अन् कोन हळूच दाबून सोडला तर तो झटकन न येता किंचित सावकाश परत आला की समजा डबा बंद आहे.

आत भरायला काय, तर विदर्भात राहून मला पहिला विचार कापसाचाच आला. गादीवाल्याकडे गेलो तर त्यानंच सांगितलं की कापूस बसतो, चार महिन्यात गोळा होऊन खाली जमा होतो, ओल धरतो, उशीत घालतात ते रेक्रॉन न्या. पॉलिएस्टरचे फुलवलेले धागे. तेच नेलं, प्रत्येक डब्यात हलक्या हातानं, दाबून नाही, वूफरच्या मागे थोडी मोकळी जागा सोडून. भरल्याबरोबर आवाजातला एक खोक्यातल्यासारखा घुमारा गेला, मधल्या सुरांमधला, गायकाचा आवाज डब्यातून बाहेर आल्यासारखा वाटला.

वायर जोडताना दीड व्होल्टचा सेल एक क्षण वूफरला लावून बघा, प्लसला प्लस लावल्यावर कोन बाहेर आला पाहिजे, दोन्ही डब्यांत. एक उलटा जोडला गेला तर दोन्ही मिळून बेस खाऊन टाकतात अन् तुम्ही परत डब्याचं गणित तपासत बसाल.

सगळं मिळून खर्च साधारण सोळा हजार झाला, त्यातले नऊ ड्रायव्हरवर गेले, क्रॉसओव्हरचे कॉइल अन् कपॅसिटर मी समजत होतो त्यापेक्षा महाग निघाले, अन् पहिल्या फसलेल्या जोडीचे पैसे ह्यात धरलेले नाहीत. ती जोडी आता भावाच्या गाडीच्या दरवाज्यात आहे अन् तिथे खरंच छान वाजते.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा दोन्ही स्टँडवर लावले. तेच वसंतरावांचं रेकॉर्डिंग. मोठे बाबा खुर्ची ओढून मधोमध बसले, डोळे मिटले, अन् मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होतो, तो गुडघ्यावर ठेका धरून होता. डग्ग्याची ती घसरण आली तेव्हा त्यांचं डावं मनगट आपोआप पुढे सरकलं. काही बोलले नाहीत. अख्खी द्रुत संपल्यावर उठले, डावीकडच्या स्पीकरजवळ गेले, त्याच्यावर हात ठेवला अन् म्हणाले, "हा इकडं जास्त बोलून राहिला, त्याच्यापेक्षा." मी मोजलं नव्हतं ते त्यांनी ऐकलं होतं. डावा स्पीकर कोपऱ्यात होता, मागे भिंत अन् बाजूला भिंत, दोन्हींकडून खालच्या सुरांना बळ मिळत होतं. त्याला दीड फूट पुढे अन् एक फूट आत घेतला, परत लावलं, ते परत बसले, अन् ह्या वेळी मान हलवली.

फरशीवर दोन्ही स्टँडच्या पायांच्या जागी पेन्सिलीनं खुणा करून ठेवल्या आहेत. आई झाडू मारताना स्टँड सरकवते, पण आता तीच खुणा बघून परत जागेवर ठेवते.